मरायच्या टेबलावरच्या आत्या

आत्यांइतकं छान मरणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. दचकू नका, आमचं कामच ते होतं.

सांगते. बंदुकांचा एक ऑनलाइन गेम आहे. साठ जण एका बेटावर उतरतात, एकमेकांना टिपतात आणि शेवटी जो उरेल तो जिंकला. आता नवा माणूस पहिल्यांदा येतो तेव्हा त्याला बंदूक कुठल्या बाजूने धरायची तेही ठाऊक नसतं. त्याला मुरलेल्या खेळाडूंमध्ये सोडलं तर बिचारा उतरल्या उतरल्या मरतो, पुन्हा उतरतो, पुन्हा मरतो आणि वैतागून गेमच काढून टाकतो. कंपनीला ते परवडत नाही. म्हणून त्याच्या पहिल्या काही मॅचमध्ये समोर कच्ची माणसं लागतात. कॉम्प्युटरच्या बाहुल्या ठेवून बघितल्या होत्या म्हणे, पण ती बाहुली आहे हे शेंबडं पोरही ओळखायचं. म्हणून माणसं ठेवली, म्हणजे आम्ही. नव्याच्या समोर जायचं, दोन-चार गोळ्या त्याच्या डोक्यावरून हवेत घालवायच्या आणि त्याच्या हातून मरायचं. त्याला वाटतं, वा, आपल्याला जमलं की! आमच्या हुद्द्याचं नाव भलतंच भारदस्त होतं, पण आम्ही त्याला मरायचं टेबलच म्हणायचो.

ऑफिस टायरच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. जिना चढेपर्यंत रबराचा वास नाकात बसायचा तो संध्याकाळपर्यंत. खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला, स्क्रीनवर उजेड पडू नये म्हणून. हेडफोनच्या गाद्या इतक्या जुन्या की त्यांच्या काळ्या कपच्या कानाला चिकटायच्या आणि घरी गेल्यावर त्या काढत बसणं हा माझा रोजचा उद्योग. माइक मात्र सगळ्यांचे काढून घेतलेले. मेलेल्या माणसाने बोलायचं नाही, असा नियम.

आत्या म्हणजे काही माझ्या सख्ख्या आत्या नव्हेत. एकदा त्यांची भाची विसरलेला डबा द्यायला आली आणि दारातूनच 'आत्या' म्हणून केवढ्याने ओरडली, तेव्हापासून त्या अख्ख्या ऑफिसच्या आत्या झाल्या. पन्नाशी ओलांडलेली, बारीक चणीची बाई. आधी चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात होत्या. तो बंद पडला आणि कुणाच्या तरी ओळखीने इथे आल्या. पहिल्या दिवशी सुपरवायझरने विचारलं, "गेम खेळलाय कधी?" तर म्हणाल्या, "नाही. पण बसायला जमेल." आणि खरंच, बसायला जमलं.

आम्ही बाकीचे मरायचो ते नोकरी म्हणून. माझं तर डोकं फिरायचं. मी आधी तक्रारींच्या फोनवर होते आणि तिथून मला काढलं ते तोंडामुळे, यावरून काय ते समजा. समोरचं कार्टं मला मारायचं आणि वर माझ्या मढ्याभोवती नाचायचं. नाचायचं वेगळं बटण आहे त्या गेममध्ये! मी खुर्चीत चडफडायची, "थांब मेल्या, दाखवते तुला," आणि दाखवता काहीच यायचं नाही, कारण जिंकलो तर पगाराला कात्री.

आत्यांचं तसं नव्हतं. नव्याचा नेम कसा चुकतो याचा त्यांना अंदाज आला होता. घाबरलेल्या माणसाची गोळी सहसा उजवीकडे आणि वर जाते. आत्या तिथेच जाऊन उभ्या राहायच्या, जिथे त्याची चुकलेली गोळी येणार. समोरच्याला शंका यायची सोयच नाही. एकदम मरायच्याही नाहीत. आधी एक गोळी खाऊन थोडं लंगडायचं, भिंतीकडे जातोय असं दाखवायचं, मग अर्ध्यात थांबायचं. आमच्यातल्या कुणाच्या हातून नवीन माणूस मॅच अर्ध्यात सोडून पळालाच, तर दुसऱ्या खेपेला त्याला आत्यांच्या समोर देत. त्यांच्याकडून कुणी पळत नसे.

एकदा चहाच्या वेळी मी विचारलं, "आत्या, दिवसभर मरून काही वाटत नाही का हो?"

"काय वाटायचंय? स्क्रीन करडी होते. मग परत सुरू."

"मला तर रात्री गिळायला नको होतं."

त्यांनी चहावरची साय बोटाने बाजूला केली. "आई गेली तेव्हाही मला काही वाटलं नव्हतं," म्हणाल्या. "वाटेल आता, वाटेल आता, म्हणून मी वाट बघत बसले. मग लक्षात आलं, तिची अंथरुणं भिजत टाकलीत. ती पिळली, वाळत घातली." एवढं बोलून चहा प्यायल्या. बाजारभाव सांगावा तशा आवाजात बोलल्या होत्या. 

आईचं त्यांनी वर्षानुवर्षं केलं होतं. अंथरुणाला खिळलेली बाई. कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं. लग्न वगैरे त्यातच राहून गेलं. आई गेल्यावर त्या धाकट्या भावाकडे आल्या. भाऊ, भावजय, दोन भाच्या आणि बाहेरच्या खोलीत खिडकीखाली आत्यांचा पलंग. दिवसा त्याच पलंगावर घरातले सगळे बसत.

मग एक दिवस सुपरवायझरने आम्हाला उभं केलं आणि सांगितलं की मरायचं टेबल बंद होणार. कंपनीने नव्या बाहुल्या बनवल्या होत्या आणि या बाहुल्या आमचा खेळ बघून बघून मरायला शिकल्या होत्या. त्याने आम्हाला एक दाखवलीसुद्धा. बाहुलीने गोळी खाल्ली, लंगडली, भिंतीकडे निघाली आणि अर्ध्यात थांबली.

"अगं बाई, या तर आत्या!" मी ओरडलेच. सगळे हसले. आत्यांनी नीट बघितलं आणि म्हणाल्या, "थोडी घाई करते."

आमच्यातल्या काहींना मात्र ठेवून घेणार होते. शिकवणीचं नवीन टेबल निघणार होतं. तिथे नव्या माणसाच्या जोडीने खेळायचं, माइकवर बोलायचं आणि त्याला जिवंत ठेवायचं. पण त्यासाठी आधी स्वतः जगता आलं पाहिजे. परीक्षा अशी, की खऱ्या मॅचमध्ये उतरायचं आणि शेवटच्या दहात यायचं. एकालाही मारलं नाही तरी चालेल. जिवंत असलात की झालं.

जिन्यावरून उतरताना मी म्हटलं, "आत्या, देणार ना परीक्षा?"

"बघू," म्हणाल्या. मग दोन पायऱ्या उतरून थांबल्या. "नाही जमलं तर भावजयीच्या आईकडे जायला लागेल. तिची आई पडलीये अंथरुणाला. दुसऱ्या गावी असते, एकटीच. टेबल बंद होतंय म्हटल्यावर घरात विषय निघाला. सरळ नाही कुणी बोललं, पण निघाला."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही."

"तुम्हाला जायचंय का?"

त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "नको गं," म्हणाल्या. "परत ते पुसणं, परत ते उलटवणं. मला नको. इथं बरं आहे."

इतक्या दिवसांत 'नको' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. तिथल्या तिथे मी ठरवलं की या बाईला जगायला शिकवायचंच. नाही शिकवलं तर नावाची नाही!

जेवायच्या सुट्टीत कोपऱ्यातल्या रिकाम्या कॉम्प्युटरवर आमची शाळा सुरू झाली. नव्या माणसाला जगायला काय लागतं ते आमच्याइतकं कुणाला कळणार? आम्ही ते सगळं उलटं करूनच तर पोट भरत होतो. मी आपली एकेक सांगत गेले.

"आत्या, पळायचं नाही. घाबरलं की माणूस पळतं आणि त्याच्या बुटांचा धाड धाड आवाज साऱ्या बेटाला ऐकू जातो. चालायचं, जमलं तर वाकून. आणि कान उघडे ठेवा. डोळ्यांच्या आधी कानांना कळतं कोण येतंय ते."

"बरं."

"दार उघडलं की चौकटीत उभं राहायचं नाही. तुम्ही काय पाहुण्यांची वाट बघताय का? आत शिरा आणि भिंतीला पाठ लावा. पाठीमागे भिंत असली की निम्मी काळजी मिटली."

"बरं."

"कुणी मरून पडलं असेल तर त्याच्या सामानाकडे ढुंकूनही बघू नका. त्याला मारणारा तिथेच टपून बसलेला असतो. तुम्ही हावरटासारख्या वाकलात की संपलं. गोळ्या भरायच्या तर आडोशाला. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, समोरच्याने तुम्हाला बघितलं नसेल तर जागचं हलायचं नाही. गोळीसुद्धा मारायची नाही. मारलीत की आपण होऊन पत्ता दिलात. त्याला जाऊ द्या."

सगळं त्यांच्या ध्यानात राहायचं. काचा घासलेल्या बाईची नजर, लांबच्या गवतात हललेली टोपीसुद्धा त्यांना माझ्या आधी दिसे. नकाशावरचा खेळायचा भाग आवळत जातो, त्याच्या आत कसं सरकायचं तेही झटक्यात कळलं. गाडी अडायची ती एकाच ठिकाणी. गोळीचा आवाज झाला की माणूस आडोसा शोधतो. आत्या उभ्या राहायच्या. आवाजाकडे तोंड करून, सरळ, ताठ, उघड्यावर.

"अहो बसा!" मी किंचाळायची.

"बसले होते की."

"मग उभ्या कशाला राहिलात?"

"राहिले का?"

त्यांना खरंच कळत नसे. बोटं आपापली चालायची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. शेवटी मी एक युक्ती काढली. त्यांच्या मागे उभी राहून त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि गोळी वाजली की खांदा खाली दाबायचा. लहान मुलाला बाकावर बसवतात तसं. पहिले काही दिवस मला जोर लावून दाबावं लागलं. मग नुसता हात पुरेसा झाला. शेवटी शेवटी हात नसतानाही त्या खाली बसू लागल्या. एकदा तर कॉम्प्युटरच्या बाहुल्यांविरुद्धच्या मॅचमध्ये शेवटच्या सहात आल्या. मी टाळ्या पिटल्या. त्या डबा बंद करत म्हणाल्या, "बरं झालं ना?" बरं झालं की नाही हेसुद्धा मीच सांगायचं.

परीक्षेच्या दिवशी भिंतीवर मोठी स्क्रीन लावली होती. एकेकाने खेळायचं, बाकीच्यांनी बघायचं. मी सकाळीच पास झाले. भांडखोर माणसं जगतातच. आत्यांचा नंबर दुपारी आला. मागे उभं राहायला मला परवानगी नव्हती, म्हणून मी भिंतीला टेकून उभी राहिले, हात घट्ट बांधून.

त्या उतरल्या त्या बेटाच्या कडेला, गर्दीपासून लांब. जसं शिकवलं होतं तसंच. वाकून चालल्या. एका पडक्या गोदामात शिरल्या, दाराच्या मध्ये न थांबता सरळ भिंतीशी गेल्या. बाहेर गोळ्या वाजल्या. आत्या बसल्या! वाजत राहिल्या गोळ्या, पण बाई खाली ती खालीच. पंचवीस उरले, वीस उरले. दारासमोरच एक जण मरून पडला, त्याची पिशवी चकाकत होती. आत्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. सुपरवायझर माझ्याकडे वळून भुवया उडवायला लागला. मी छाती पुढे काढली. शिष्या कुणाची!

चौदा उरले. मग बारा.

तेव्हा गोदामात कुणीतरी शिरलं. शिरलं कसलं, धडपडलं. बुटांचा धाड धाड आवाज, दारातच थांबलेलं, तोंड भिंतीकडे. बंदुकीऐवजी हातात तळण्याची कढई होती, त्या गेममध्ये तीही हत्यारच. मग चुकून बंदूक आली, मग परत कढई. नवाकोरा माणूस, खऱ्या मॅचमध्ये वाट चुकून आलेला. आतापर्यंत नशिबाने जगला असणार. आत्या खोक्यांमागे होत्या आणि त्याला त्या दिसतच नव्हत्या. काही करायचंच नव्हतं. तो आपला निघून गेला असता.

आत्या उभ्या राहिल्या.

खोक्यांमागून बाहेर आल्या, गोदामाच्या मधोमध चालत गेल्या आणि त्याच्या समोर थांबल्या. तो दचकला, गोळी झाडली, ती भलतीकडेच गेली. दुसरीही गेली. आत्या एक पाऊल उजवीकडे सरकल्या, जिथे त्याच्या गोळ्या जात होत्या तिथे. तेवढ्यात त्याच्या गोळ्या संपल्या. त्याला भरता येईनात, भलतीच बटणं दाबत होता, मध्येच कढई निघत होती. आणि आत्या थांबल्या. त्याच्या गोळ्या भरून होईपर्यंत त्या तशाच, हात खाली सोडून, उभ्या राहिल्या. मग त्याने मारलं. स्क्रीन करडी झाली.

पोरगं मॅच जिंकल्यासारखं नाचत होतं.

"आत्या!" माझा आवाज चिरकला. "अहो काय केलंत हे!"

त्यांनी हेडफोन काढला, कानाला चिकटलेली काळी कपची काढली आणि स्क्रीनकडे बघितलं. "मेले का?" म्हणाल्या. मग, "मला कळलंच नाही गं."

सुपरवायझर वाईट नव्हता. त्यांना पुन्हा एकदा परीक्षा देऊ द्यायची का, म्हणून त्याने वर विचारलं. वरून 'नाही' असं उत्तर आलं. संपलं.

त्यांची पाठीची उशी, कप आणि स्वेटर घेऊन मी त्यांच्याबरोबर घरी गेले. एकटीला सोडवेना. खरं सांगायचं तर मला कुणाशीतरी कचकचून भांडायचं होतं. भावजयीचं तोंड बघितल्याबरोबर सुरू करायचं, असं जिन्यातच ठरवलं होतं.

पण भावजय निघाली साधी बाई. आईच्या काळजीने डोळ्यांखाली काळं झालेलं. तिने मला पलंगावर बसवलं, चहा टाकला. भाऊ पेपर धरून बसला होता, पानं उलटत नव्हता. मीच सांगितलं की टेबल गेलं, परीक्षाही गेली. "अरेरे," भावजय म्हणाली आणि मनापासून म्हणाली. मग सगळे चहा प्यायला लागलो.

"वन्सं," भावजयीने सुरुवात केली. "मी काय म्हणत होते... म्हणजे आईचं असं झालंय की... शेजारची बाई बघते तसं, पण..." ती थांबली. कपाचा कान घासत बसली. "नाही, तसं काही नाही. तुम्ही आता दमला असाल."

"राहू दे गं," भाऊ पेपरामागून म्हणाला. "नंतर बघू. ताईला जरा बसू दे."

झालं! विषय मिटला होता. नवऱ्याने वाट दिली होती आणि बायको त्या वाटेने निघालीही होती. तिच्यात पुन्हा विचारायचा धीर नव्हता, महिनाभर तरी नव्हता. तेवढ्यात आत्यांना मी दुसरं काम बघितलं असतं. डोक्यात दोन ठिकाणं होतीसुद्धा. आत्यांनी फक्त चहा प्यायचा होता. मी पलंगावर त्यांच्या शेजारीच होते. हळूच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

भावजयीने परत तोंड उघडलं. "म्हणजे तुम्हाला जमलं तरच हं... नाहीतर मी..." आणि परत अडकली. लाल झाली. डोळे भरून आले तिचे.

माझ्या हाताखालचा खांदा वर आला. आत्या उठून उभ्या राहिल्या.

"मी जाते तुझ्या आईकडे," म्हणाल्या. "नंतर कशाला? सकाळची गाडी बरी पडेल. पोचायला उजेड असेल."

भावजय रडायलाच लागली. आत्यांचे हात धरून काय काय बोलत होती, तुमचे उपकार, थोडेच दिवस, आणि आत्या "बरं, बरं" म्हणत होत्या. भावाने पेपरचं पान उलटलं.

मला सोडायला त्या जिन्यापर्यंत आल्या.

"तुम्हाला जायचं होतं का?" मी विचारलं.

"नाही."

"मग का बोललात? कोण विचारत होतं तुम्हाला? विषय संपला होता आत्या!"

त्यांनी जरा विचार केला. मी काहीतरी अवघड विचारल्यासारखा.

"तिला बोलता येत नव्हतं गं," म्हणाल्या. "किती वेळ झाला, जमतच नव्हतं तिला."

मग निघताना चुकून परत माझ्याच काखेत आलेली उशी काढून घेतली, तिथे लागेल म्हणाल्या, आणि आत गेल्या.